पाचाचं उत्तर

४ मार्च
ठरलं. स्वतःचा लिस्प इंटरप्रिटर लिहायचा. लिस्प ही कॉम्प्युटरची जुनी भाषा, सगळं कंसात. ते कंस वाचून उत्तर काढणारा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर. सून ऑफिसात प्रोग्रामच लिहिते आणि घरी माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करून देते, जणू मी नर्सरीत आहे. कॉन्व्हेंटात शिकले, जन्मभर तिथंच गणित शिकवलं. कंस मला कोण शिकवणार?

७ मार्च
बेरीज येते! वजाबाकीसुद्धा. ह्यांनी विचारलं, घरात कॅल्क्युलेटर असताना हा खटाटोप कशाला. नणंदेला रविवारी जेवायला बोलावलं. जेवणानंतर डेमो. सुनेलाही कळू दे.

११ मार्च
फॅक्टोरियल. पाच गुणिले चार गुणिले तीन, असं उतरत एकावर थांबायचं. थांबत नाही. शून्य, उणे एक, चाललंय पाताळात.
सून डोकावून म्हणाली, आई, अट आली की लागेल तेवढी एकच बाजू काढायची. तुम्ही आकडा एकावर आला तरी दुसरी बाजूही काढत बसता, मग संपणार कसं? मी सुनावलं, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणं माझ्या शिस्तीत बसत नाही. ती हसली. हसण्यासारखं काय होतं?

१३ मार्च
लॅपटॉपच कुचकामी. मुलानं टाकून दिलेला. माझी अट अचूक आहे.

१४ मार्च
सुनेला विचारायला जीभ रेटेना. एक ओळ घातली: फॅक्टोरियल मागितला की सरळ १२० छाप. पाचाचं उत्तर तेच आहे, म्हणजे खोटं काही नाही. तात्पुरती सोय.

१५ मार्च, संध्याकाळ
पाच टाकला. १२०. टाळ्या. नणंद म्हणाली, वहिनी, धन्य आहे तुमची! ह्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी स्वतः सहा टाकला.
१२०.
नणंदेनं विचारलं, सहाचंही तेवढंच का हो?
सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. म्हणाली, जुनंच उत्तर राहिलंय स्क्रीनवर, हा लॅपटॉपच कुचकामी आहे, आत्या. आणि झाकण मिटलं.
माझंच कारण. तिच्या तोंडून ऐकताना कान तापले.
कॉपी करणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं करायचे. रडली तरी एक शब्द ऐकून घेत नसे.
नणंद गेल्यापासून गॅलरीत उभी होते. कुणी उभं केलं नव्हतं. सून दोनदा आत बोलावून गेली.