कादंबरीत नसलेली माफी

प्रिय कुमुदताई,

काल आपल्या गुरुवारच्या वाचनमंडळात तुझी वाचायची राहिलेली दोन प्रकरणं वाचून झाली, आणि तुझी लबाडी उघडी पडली. म्हणून हे पत्र.

तू गेल्यावर पुस्तक कपाटातच पडून होतं. मोठ्यानं वाचणारी तू एकटीच. आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे थकलेले, आणि देवासच्या हिंदी शाळांत शिकलेल्या सुनांना मराठी वाचायचं म्हणजे संकट. शेवटी विमलवहिनींच्या सुनेनं, नेहानं, अडखळत वाचलं. तू असतीस तर ‘सावकाश गं, गाडी सुटत नाहीये’ म्हणाली असतीस ना?

कादंबरी सगळ्यांना आवडली. सर्वांत आवडता प्रसंग कोणता, यावर तर वादच नव्हता. रुसलेली सासू गावी निघते, बसच्या पायरीवरून परत उतरते आणि सुनेला म्हणते, ‘चुकलं माझं.’ तो पुन्हा ऐकायचा म्हणून नेहानं पानं मागे उलटली, पुढे उलटली. मग म्हणाली, “काकू, तो सीन इथे है ही नहीं. सासू बसमध्ये चढते अन् निघून जाते. एवढंच.”

किती सहज वाचलं होतंस गं ते! मध्ये थांबून चष्मासुद्धा पुसलास. लेखकाला कळलं असतं तर?

तू तो प्रसंग वाचलास त्या वेळी नेहाच्या नोकरीवरून वहिनी तिच्याशी बोलत नव्हत्या. दोघी मंडळात यायच्या, पण खोलीच्या दोन टोकांना बसायच्या. त्या गुरुवारी मात्र एकाच स्कूटीवरून घरी गेल्या. आम्हाला वाटलं, कादंबरीचा गुण!

काल मी घाबरले. ती माफी कुणासाठी रचली होती, हे वहिनींच्या लगेच लक्षात आलं. आपल्याला कुणी शिकवलेलं त्यांना कधी खपलंय? आता सगळं पुन्हा विसकटणार, असं वाटलं. त्यांनी नेहाच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं. मग नेहाला म्हणाल्या, “पुस्तकात नसेल. मी घरी येऊन म्हटलं होतं की नाही?”

“म्हटलं होतं, आई.”

“मग? पुढचं पुस्तकही तूच वाच.”

मला तरी सांगायचंस, ताई! इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसले.

आता नेहाच्या शेजारी बसेन. वाचता वाचता ती कधी पानावर नसलेलं काही बोलली, तर मी पुस्तकात डोकावणार नाही. हा माझा शब्द.

तुझ्या उजव्या हाताला बसणारी,
मालती