देव्हाऱ्यातला मास्क

शनि. ५ जुलै
हनुवटी परत पेटली. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा, मास्कची कड टेकते तिथेच. काल पुरळ, आज सालं निघतायत. हे म्हणाले, उकाडा. यांना सगळं उकाड्यानेच होतं.

आणि नेमकं याच वर्षी. सासूबाईंना मोतीबिंदू, म्हणून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी या सीझनला माझ्याकडे आली. इतकी वर्षं आईंनी त्या ब्रशला कोणाला हात लावू दिला नव्हता. आमच्या कारखान्यात तोंड बांधल्याशिवाय गणपतीचा डोळा आखत नाहीत. आई म्हणतात, "देवाच्या तोंडावर आपला सास पडता कामा नाय." त्या फडकं बांधायच्या. कोरोनापासून मास्क.

सोम. ७ जुलै
पेणला गेले, त्वचेच्या डॉ. कडे. बाई चांगल्या आहेत. "मास्क घासतोय, आत घाम साचतोय. थोडे दिवस काढून ठेवा." म्हटलं, कारखान्यात पीओपीची धूळ असते. "मग धुळीत लावा." म्हणजे लावू की काढू? मलम दिलं. परत आमच्या जोहे गावाला येताना बसमध्ये तेच डोक्यात. डाग राहतील का, हे विचारायचं राहूनच गेलं.

गुरु. १० जुलै
आई जेवायला गेल्या तेव्हा मास्क काढून एक मूर्ती आखली. श्वास रोखून धरला. उजव्या डोळ्याची रेघ हलली. मोतीबिंदू असून आईंना ती दिसली, कशी ते देवालाच ठाऊक. त्यांनीच ओल्या फडक्याने पुसून टाकली.

"नसंल जमत तर सांग गो. धाकटीला बसवू."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. रडू आलं, दाखवलं नाही. मला हे काम हवंय. फार हवंय.

रवि. १३ जुलै
रोह्याला आले. ताई इथे जवळच वरशाला राहते, कंपनीत पॅकिंगला आहे. अख्खी शिफ्ट तोंडाला मास्क, आणि तरी चेहरा सोललेल्या काकडीसारखा नितळ. माझं तोंड बघून म्हणाली, "अगो, हे काय करून घेतलंस?" तिच्याकडचे दोन नवे कोरे मास्क दिले.

इथे दिवसभर खाज कमी. मास्क नव्हता म्हणून? धूळ नव्हती म्हणून? की आई समोर नव्हत्या म्हणून? एक धरावं तर दुसरं सुटतं.

बुध. १६ जुलै
ताईचा मास्क लावून आखणी. काही त्रास नाही. डोळे झकास उतरले. हेसुद्धा थांबून बघत होते.

संध्याकाळी आईंनी मास्क मागून घेतला आणि नेहमीसारखा देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला. डोळ्यांच्या कामाचा मास्क इकडेतिकडे टाकायचा नाही.

गुरु. १७ जुलै
तोच मास्क, आणि दुपारपर्यंत आग आग. काल चालला तो आज का नाही?

काढून नाकाशी धरला. कापूर. आई त्या डब्यात फडकं ठेवायच्या तेव्हापासून कापराच्या वड्या टाकतात, पवित्र राहावं म्हणून. तो वास इतका देव्हाऱ्याचा की मास्कला येतोय हे कधी मनातच आलं नाही. माझ्या जुन्या मास्कलाही तोच वास.

शनि. १९ जुलै
डॉ. ना फोन केला. "कापूर असू शकतो. घासून त्वचा सोलली असेल, त्यावर कापूर. दोन्ही असेल." दोन्ही. सरळ कोणी बोलतच नाही.

आईंना सांगायला गेले. तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या नाकाशेजारी काळा डाग आहे, हनुवटीपर्यंत उतरलेला. आम्ही सगळे वांग म्हणायचो. आज नीट पाहिला तर माझ्या पट्ट्याच्याच जागी. विचारलं, आई, तुम्हालाही खाजायचं?

"खाजायचं तर. आखणीच्या दिवसांतच. मला वाटं, देव हात लावतोय."

मग कापराचं सांगितलं. सांगायला नको होतं का? त्यांचा हात तांदळातच राहिला. म्हणाल्या, "म्हंजे येवढी वर्सं तो कापूरच व्हता?"

म्हटलं, नक्की माहीत नाही आई. ते खरंच होतं, पण खोटं बोलल्यासारखं वाटलं.

सोम. २१ जुलै
सकाळी डबा उघडला तर मास्क नाही. शेडमध्ये गेले. आई तो लावून, डोळे न आखलेल्या मूर्तींसमोर बसलेल्या. ब्रश नाही, हात मांडीवर.

"काय करताय?"

"बघते. खाजतंय का."

मी ताईचा दुसरा, डब्यात न गेलेला मास्क लावला आणि शेजारी आखायला बसले. रेघ सरळ आली. आईंनी पाहिली, पुसली नाही.

दुपारकडे त्यांचा हात नाकाशी गेला, थांबला, परत मांडीवर आला. खाजलं म्हणून गेला की सवयीने, कळलं नाही. मला विचारवलं नाही. मास्क मात्र त्यांनी संध्याकाळपर्यंत काढला नाही.