झाकणातलं चौथं लॉक

मेस्त्री, आज दुपारी तुमच्या डब्याच्या झाकणात वॉल्व्हची चारऐवजी तीनच लॉक होती. मी पुन्हा मोजली, बोट लावून मोजली, झाकण हलवून मोजली, तरी तीनच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माझ्या हातून हे एकदाही झालं नव्हतं, आणि आज झालं तेव्हा पहिल्यांदा आठवलात ते तुम्ही, गाडी नंतर. म्हणून लिहायला बसलोय. गॅरेजची वही आहे, तिच्या मागच्या पानांवर. अशाच वहीत तुम्ही मला गाड्यांची कामं लिहायला लावायचात, कारण तुम्हाला लिहिता येत नव्हतं आणि मी नववीतून शाळा सोडली असली तरी माझं अक्षर तुम्हाला आवडायचं. तुम्ही गेल्यावर वह्या बदलल्या, पण लिहिण्याची रीत तीच ठेवली आहे.

गाडी वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींची. छोटी पिकअप. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि दादर-परळच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. गाडी तेल पीत होती, पण खाली थेंब सांडत नव्हता. दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं की पिस्टन-रिंगा गेल्या, अख्खं इंजिन खोलावं लागेल. मी म्हणालो, मावशी, सकाळी गाडी चालू करू नका, मी येईपर्यंत थांबा. पहिला धूर मालकाच्या दारात बघायचा, हे तुमचं. गॅरेजपर्यंत चालत आलेली गाडी खोटं बोलते म्हणायचात. तसा मी सकाळी कोळीवाड्यात गेलो, गल्लीत सुकत टाकलेल्या बोंबलांच्या बाजूला उकिडवा बसलो आणि मावशींच्या मुलाला चावी फिरवायला सांगितली. निळा धूर भसकन आला, मोजून दहा-बारा श्वास राहिला, आणि गेला. मग साफ. रिंगा गेल्या असत्या तर तो थांबला नसता. रात्रभर उभ्या गाडीत वरचं तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. म्हणजे वॉल्व्हची सीलं गेली होती. शेंगदाण्याएवढ्या रबरी टोप्या, बाकी काही नाही.

"म्हंजे अख्खा इंजिन नाय खोलायचा ना?" मावशींनी विचारलं.

"नाही. वरचं कव्हर आणि थोडं आतलं. संध्याकाळी गाडी देतो."

"संध्याकाळी म्हंजे संध्याकाळीच. उद्या पहाटे माल उचलायचा हाय. एक दिवस गाडी नाय गेली तर त्या बाया दुसरी गाडी धरतील, नि एकदा धरली की मावशी कोण नि काय."

मी हो म्हणालो. हो म्हणताना मला नेहमीच भीती वाटते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसायचात. "झिला, तुका शिंक येवची असली तरी तू आधी चार येळा इचार करशीत."

कॉटन ग्रीनच्या त्याच गल्लीत, गोदामाच्या त्याच भिंतीला लागून मी अजून काम करतो. तुमची दोरीही आहे. कोळ्याच्या होडीवरची नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना गाठ, आणि बाहेरच्या टोकाला लाल चिंधी. मला पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही थट्टा करताय. इंजिनात दोरी! मग तुम्ही प्लग काढून त्या भोकातून ती वीतभर-वीतभर आत सोडलीत, खालून पुली हाताने फिरवून पिस्टन वर आणलात, आणि दोरीचं बोचकं आत वॉल्व्हखाली घट्ट बसलं. आता वरून स्प्रिंग काढली तरी वॉल्व्ह आत पडत नाही आणि इंजिनाचं वरचं डोकं, हेड, उतरवावं लागत नाही. लाल चिंधी कशाला, मी विचारलं. "दोरी आत विसरान गाडी चालू करणारे शाणे बघितलंय मी," तुम्ही म्हणालात. आज मावशी संध्याकाळी चारला आल्या तेव्हा त्यांनी तीच दोरी बाहेर लोंबताना बघितली आणि म्हणाल्या, "अरे, ही तर आमच्या होडीची. इंजिनात मासे धरतंस काय?"

पण मी आधी दुपारचं सांगतो. प्रत्येक वॉल्व्हची स्प्रिंग दोन लॉकांवर अडकलेली असते. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी अर्धगोल लोखंडं, पण ती निसटली तर वॉल्व्ह सुटतो, पिस्टनवर आपटतो आणि इंजिन संपतं. एका सिलिंडरला दोन वॉल्व्ह, म्हणजे चार लॉक. तुमची पद्धत अशी की एका वेळी एकच सिलिंडर. चार लॉक काढायची, तुमच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची, आणि मोठ्याने मोजायचं. "किती?" तुम्ही विचारायचं. "चार," मी म्हणायचं. तेव्हाच सीलाला हात. त्या झाकणाला पेट्रोलचा वास इतका मुरला की तुमच्या घरी मामींनी ते परत घ्यायचं सोडलं आणि तुमच्या डब्यावर बशी ठेवून, फडक्याने बांधून पाठवायला लागल्या. आज मी एकटाच विचारतो आणि एकटाच सांगतो. पहिलं सिलिंडर, चार. दुसरं, चार. जुनी सीलं नखाने दाबून बघितली, खडीसारखी कडक झाली होती. तिसऱ्याला तीन.

तेल खाली जायच्या भोकांत मी चिंध्या कोंबल्या होत्या, तुम्ही शिकवल्यात तशा, मोजून. पण तिसऱ्याजवळची चिंधी थोडी सरकलेली दिसली. नखाएवढी फट. लॉक त्या फटीतून जाईल का? जाईल. मी टॉर्च घेऊन सगळं हेड बघितलं, लोहचुंबक फिरवलं, गाडीखाली आडवा होऊन जमीन चाचपली, पायातल्या चपला झटकल्या. बाजूचा डेंटर पत्रा ठोकायचं थांबवून माझी मजा बघत होता.

"काय शोधतोयस? सोन्याची चेन पडली काय?"

"लॉक गेलंय एक."

"अरे भाई, लॉकच ना? तुझ्या त्या डब्यात पन्नास पडलीयत. एक टाक, बंद कर, दे गाडी. टेन्शन कशाला घेतोस एवढं?"

त्याचा काही दोष नाही मेस्त्री, त्याला काय माहीत. तो डबाही तुमचाच, जुन्या लॉकांचा, भंगारात काढलेल्या इंजिनांमधली. पण तो असं बोलला आणि मी टॉर्च खाली ठेवला, कारण हेच वाक्य मी एकदा स्वतःशी बोललो होतो. सतरा वर्षांचा होतो. गणपतीच्या आधीचे दिवस, लालबागच्या मंडपवाल्याची पिकअप आपल्याकडे सीलं बदलायला आलेली, आणि तो दर तासाला येऊन ओरडत होता की त्याचे बांबू रस्त्यावर पडलेत. तुमचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता. लॉक काढायचं काम तुम्ही मला दिलेलं, बसवायचं स्वतःकडे ठेवलेलं. तुम्ही पाठमोरे, सील बसवताय. मी झाकणात बघतो, तीन आहेत. तुम्ही विचारता, "किती?" मंडपवाला डोक्यावर उभा. मी तुमच्या त्या जुन्या लॉकांच्या डब्यात हात घालतो, त्यातल्या त्यात सारखं दिसणारं एक उचलतो, झाकणात टाकतो आणि म्हणतो, "चार."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. का बघाल? तुम्ही विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं.

ते लॉक दुसऱ्या कुठल्या इंजिनाचं होतं, त्याची खाच जरा वेगळी होती. दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात वॉल्व्ह सुटला. गाडी ओढत आणली, हेड उतरवलं, पिस्टनला भोक. मंडपवाला सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "मेस्त्री, हात बघा तुमचा. असा हात घेऊन लोकांची इंजिनं कशाला खोलता? घरी बसा आता." मी तिथेच उभा होतो, पान्याला फडकं लावत. तुम्ही तुमच्या हाताकडे बघितलंत. मग त्याला म्हणालात, "चूक माझी. हात माझो होतो." बस. पुढचे आठ दिवस खपून ती गाडी तुम्ही पुन्हा उभी केलीत, आणि त्यानंतर लॉकांना कधी हात लावला नाहीत. ते झाकण माझ्याकडे सरकवलंत. "आता तू बसव. तुझो हात थीर आसा." मला कुणी आजवर दिलेली ती सगळ्यात मोठी वस्तू, आणि मी ती घेतली. घेताना काही बोललो नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. हेड उतरवलं तेव्हा ते वाकलेलं लॉक तुम्ही चिमटीत घेतलंत. डोळ्यांनी तुम्हाला नीट दिसत नव्हतं, पण तुम्ही त्याच्या खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते फडक्याने पुसून शर्टाच्या खिशात ठेवलंत. तुमच्यासारख्या माणसाला नखाने कळलं नसेल? आणि कळलं असेल तर मंडपवाल्यासमोर तसं का बोललात? आणि कळलं नसेल तर त्या शेवटच्या वर्षात, बाकड्यावर बसून चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरताना, तुम्ही स्वतःच्या हाताला काय काय म्हणत असाल? दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही.

तर आज मी डेंटरला म्हणालो, "नाही, चेंबर खोलतो." म्हणजे इंजिनाची तेलाची तळातली ताटली. आतलं सगळं तेल काढायचं, गाडी वर उचलायची, सगळे बोल्ट सोडायचे, मग पुन्हा लावून चिकट मसाला सुकू द्यायचा. त्याने कपाळावर हात मारला. तेवढ्यात मावशी आल्या, दोरीवरून ती थट्टा केली, आणि मग तेलाचं घमेलं बघून त्यांचं हसू गेलं.

"ह्ये काय? खालचा बी खोललास? तू तर वरचाच बोललेलास!"

मी त्यांना खरं सांगितलं. एक तुकडा हरवलाय, तो आत गेला असेल तर मी गाडी देणार नाही. माझ्या हातून हरवलाय. शेवटचं वाक्य त्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा बोललो. त्यांनी टोपली खाली ठेवली, जुन्या टायरवर बसल्या आणि म्हणाल्या, "शोध. मी बसलीय. पण पहाटे माझी गाडी धक्क्यावर नाय लागली तर तुलाच पाट्या डोक्यावर घेऊन पळवीन."

चेंबरमध्ये काही नव्हतं. सगळं तेल मी कपड्यातून गाळलं. जाळी बघितली, चुंबक कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. नाही. आता ते कुठेही असू शकत होतं. मग मी पहिल्यापासून करत आलो ते सगळं मनात पुन्हा केलं, तुम्ही सांगायचात तसं, हात हवेत फिरवून. प्लग काढला. दोरी सोडली. स्प्रिंगवर पान्याची पोकळ गोटी, म्हणजे सॉकेट, ठेवली, वरून हातोडीचा हलका ठोका मारला, लॉक सैल झाली, गोटी उचलली. गोटी. मी ती कमरेच्या फडक्यात खोचलेली होती. काढून आत बघितलं तर तळाशी ग्रीसमध्ये चौथं लॉक चिकटून बसलेलं.

मावशी इतक्या मोठ्याने हसल्या की गोदामाचा हमाल बाहेर येऊन बघायला लागला. "हातात व्हता, नि अख्खा दर्या ढवळलास रे पोरा!"

मीही हसलो आणि लॉक पुसून झाकणात टाकलं. तीन आणि एक. मी मोठ्याने म्हणालो, "चार," आणि मावशींनी, का कोण जाणे, टायरवरून विचारलं, "नक्की चार ना?" मी झाकण त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांना मोजायला लावली. साडेआठला गाडी गेली. उद्या पहाटे चावी फिरवतील तेव्हा मी कोळीवाड्यात असणार आहे, धूर बघायला.

हे मामींना द्यावं असं आधी मनात होतं. त्या अजून काळाचौकीला त्याच खोलीत आहेत, आणि दर गणपतीला मला पानावर बसवून म्हणतात, "ह्यांचो तुझ्यार लय इश्वास होतो." पण ज्याला सांगायचं ते तुम्ही, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाहून आलेली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. म्हणजे तुम्ही असतात तरी हेही मलाच मोठ्याने वाचावं लागलं असतं, तुमच्यासमोर बसून, आणि मी दुसऱ्या पानावर थांबलो असतो. म्हणून हे वहीतच राहील.

आणि आज मी फार शहाण्यासारखा वागलो असं समजू नका. डेंटर बोलण्याच्या आधीच मी तुमचा तो डबा उघडला होता. एक लॉक निवडलंही होतं, सारखं दिसणारं. ते अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे.