गाव विचारलं तेव्हा

माय, आज माझं डोकं फिरलंय आणि ते तुझ्यावरच फिरलंय, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या वयाला मी कधीच मागे टाकलं. तरी भांडण आहे ते आहेच.

तुझ्या छातीत गाठ आली तेव्हा आपण नंदुरबारला मिरचीच्या पथारीमागे राहत होतो. पथारीच्या मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली, आणि तुम्ही बाया दिवसभर देठ खुडताय. ते हात जिथे लागतील तिथे आग. त्यामुळे पथारीवर ठरूनच गेलं होतं, अंगात कुठेही दुखो, दोष मिरचीचा. "मिरची लागनी व्हई," म्हणायचीस आणि तूप चोपडायचीस. अगं, मिरची कातडीला लागते, आत सुपारीएवढी गाठ करते का? मी हे बोलले तर म्हणालीस, "तू शाळामा जास म्हनीसन मले शिकाडी ऱ्हायनी का?" तुझ्यापुढे कोण बोलणार!

मग धर्मशाळेत बाहेरून डॉक्टरीणबाई आली. बायांची छाती आणि पिशवी फुकट तपासणार, अशी दवंडी पिटली. शेजारणींनी तुला ओढतच नेलं. मीही शाळा बुडवून सोबत. तू ओळीत पदर आवळून उभी आहेस. दाराशी टेबल, टेबलामागे कारकून, आणि पडद्याआड डॉक्टरीणबाईचा आवाज ऐकू येतोय, इतकं जवळ. कारकून विचारतो, "गाव?" आणि तू माहेरचं गाव सांगतेस!

कपाळ माझं! पथारीवर प्रत्येक बाईला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायचे. तुझं नाव तरी कोणाला ठाऊक होतं? गाव म्हटलं की तुझ्या तोंडी तेच. पण दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा ते गाव पलीकडे गेलं होतं. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "ते गुजरातमध्ये. ही सोय इथल्या बायांसाठी आहे. सुरतेला जा." मी ओरडले, "आम्ही इथेच राहतो, पथारीच्या मागे!" तर तू माझ्याच दंडाला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. "गप ऱ्हाय. सायेब शे, त्याले समजस." डोंबल समजत होतं त्याला! ज्या बाया बाहेरून पोट भरायला आल्या त्यांनाच कोणी विचारणारं नव्हतं, आणि तो त्यांनाच हाकलत होता.

वाटेत तू काय बोललीस, आठवलं की अजून जीव जळतो. "गाव तं तठेच शे, मंग गुजरातमा कसं गयं?" गाठ गेली उडत, तुला गावाची काळजी! माझ्या बापाला, दादांना, कळेपर्यंत डॉक्टरीणबाई निघून गेली होती. पुढच्या हंगामात गाठ फुटली तेव्हा दादांनी तुला सुरतेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आधी का नाही आणलंत. मिरचीचा हंगाम संपायच्या आत तू गेलीस.

त्या कारकुनाला मी जन्मभर शिव्या दिल्या, आणि त्याहून जास्त तुला. एक शब्द गं! 'नंदुरबार' म्हणायला काय जात होतं तुझं?

आज सुनेने मला शहाद्याला अशाच फुकट तपासणीला नेलं. लग्न करून प्रकाशा गावात आले त्याला जन्म लोटला. रेशन कार्ड तिथलं, मतदान तिथलं, तापीकाठी नवऱ्याला अग्नी दिला तोही तिथेच. ओळीत माझ्यापुढे ऊसतोडीला आलेल्या परमुलखातल्या बाया होत्या, त्यांनाही आत सोडत होते. टेबलामागच्या पोरीने विचारलं, "आजी, गाव?" मी पटकन म्हणाले, "नंदुरबार."

सून हसायला लागली. "आई, प्रकाशा सांगा ना!" पोरगी म्हणाली, "कुठलंही असू द्या, आजी. चला आत."

माझ्यात काही निघालं नाही. परत येताना बसमध्ये सुनेला म्हणाले, पोरीने काय विचारलं ते गर्दीत मला नीट ऐकू आलं नव्हतं.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून तुला सांगते. मला नीट ऐकू आलं होतं, माय.