लाल वायर बॉडीला

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७
लेकीचं, अपेक्षाचं लग्न एकवीस दिवसांवर. पोरीचा हट्ट एकच: मांडवात आबांच्या जुन्या ट्रॅक्टरवर जायचं, आणि चालवायचा आबांनीच. घरातली प्रत्येक लेक त्यांनी अशीच नेली, ही शेवटची. आबा माझे वडील, त्र्याऐंशीचे. ट्रॅक्टर फुलंब्रीच्या शेडमध्ये सहा वर्षं बंद. जबाबदारी मी घेतली. चोवीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवतोय, दुसरं कोण घेणार?

८ फेब्रुवारी
बॅटरीची पेटी डिझेलने घासून लख्ख केली. आत जुन्या रंगाचे फराटे होते, तेही काढले. पाहतो तर प्लसची लाल वायर बॉडीला! कुणा अडाणी मिस्त्रीचं काम. मायनस बॉडीला असतो. नवी बॅटरी बसवताना वायरी फिरवून टाकल्या. आबांचं म्हणणं, जुन्या ट्रॅक्टरचं तसंच असतंय. आबा सातवी पास. सोडून दिलं.

८ फेब्रुवारी, दुपारी
नवल! दिवे लावले की मीटरचा काटा चार्जकडे जातो. म्हणजे दिव्यांनी बॅटरी भरते. यावर पेपर लिहायचा.

१५ फेब्रुवारी
सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात सुरू! आबांचे डोळे भरून आले. मिनिटभराने डायनामोच्या कटआउटमधून धूर. सहा वर्षांची धूळ जळत असणार. मग डायनामोतली धूळही जळाली. मग वायरिंगमधली.

१९ फेब्रुवारी
डायनामो शहरात वाइंडिंगला दिला. कारागीर म्हणाला, साब, इसमें तो प्लस अर्थ रहता, उल्टा किन्ने लगाया? म्हटलं, असेल कुणी अडाणी मिस्त्री. सोमवारी मिळेल म्हणतो. लग्न रविवारी. तनुजाला अजून सांगितलेलं नाही. बायकोला सांगायलाही मुहूर्त लागतो.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७
सकाळी फुलं लावलेली कार बोलावली. अपेक्षा कारमध्ये बसेना. आबा ट्रॅक्टरवर जाऊन बसले. म्हणाले, डिझेलच्या इंजनाला करंट कशाला लागतोय, ढकला. वऱ्हाडाने ढकलला. उतारावर धडधडला. आजोबा-नात मांडवाकडे निघून गेले. ढकलणाऱ्यांत मी शेवटचा, नव्या सुटात, धुरात.
जेवणानंतर आबांना विचारलं, प्लस बॉडीला हे ठासून का नाही सांगितलं? म्हणाले, पेटीत लिव्हलेलं व्हतं की. तू चौथीत व्हतास. मी सांगितलं अन् तूच ब्रशनं लिव्हलंस. तवा लई ऐकायचास.
पाठवणीला खूप रडलो. लोकांना वाटलं, लेकीसाठी.
उद्या पहिल्या तासाला अर्थिंग शिकवायचं आहे. रजा टाकतो.