सूर्य न पाहिलेला दगड

१२ मार्च १९८६, बुधवार

पेटी नंबर ४१ आज भरली. चारशे दहा फुटांवरचा दगड! यंत्राची पोकळ नळी फिरत फिरत जमिनीत जाते आणि तिच्या पोटातून गोल, लांबट, गुळगुळीत दगड निघतो. साहेब लोक त्याला कोअर म्हणतात. गावातल्या बाया म्हणतात वरवंटे — आणि खोटं काय आहे त्यात, दिसतातच तसे. मी त्यांच्यावर रंगानं नंबर टाकतो, पेट्या शेडमध्ये लावतो. पूर्वी चोपड्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचो. आमच्या नशिबी नंबरच लिहिलेत.

कॅम्पप्रमुख खापरेसाहेबांनी पहाटे अंधारातच किरणं मोजायचा काउंटर फिरवला. चाळीस पेट्यांवर मुका, मधूनच एखादी टिक. ४१ वर नेला आणि सुटलाच — टिकटिकटिकटिक! कढईत लाह्या फुटाव्यात तसा. साहेब नाचायचेच बाकी. "अभिमनराव, युरेनियम! काळ्या कातळाखाली झोपलं होतं बघा." बाकीच्या पेट्या आठ-आठ दिवस माळावर उन्हात वाळत पडतात. ही मात्र रातपाळीला निघाली तशीच ताडपत्रीत गुंडाळून आत आणली. लाल पट्टा मारला.

विचारलं, हात लावला तर? "घटकाभर धरला तर काही होत नाही. उशाला घेऊन झोपू नका म्हणजे झालं. आणि लेकराबाळांपासून लांब."

शेडच्या दाराशी एक कुत्रं झोपायचं. आज दिसलं नाही. येईल.

१९ मार्च

चोपड्याहून उत्तमचंद शेठ आला. कापूस, केळी, भुईमूग — ज्याला भाव, त्याचा हा भाऊ! "अभिमनभाऊ, तुमच्या ह्या मालाचा भाव काय चाललाय?" मी काय सांगणार कपाळ? खापरेसाहेबांनी समजावलं. आपल्या देशाला हा माल बाहेरून सहजी कोणी विकत नाही, म्हणून तर सातपुडा पोखरतोय. पण बाहेरच्या बाजारात भाव असतो. सात-आठ वर्षांपूर्वी पौंडाला चाळीस डॉलरच्या वर होता. मग अमेरिकेत एक अणुभट्टी बिघडली, लोक घाबरले, नव्या भट्ट्यांचे बेत रद्द झाले. आता सतरा.

"मग खणता कशाला?" शेठ.

"वरचे साहेबही तेच विचारतात," खापरेसाहेब म्हणाले आणि चहा मागवला.

शेठनं कॅम्पशेजारची सहा एकर माळरान घेऊन टाकलंय म्हणे! खाण निघाली की सोनं होईल. इथे अजून बारा भोकं पाडायची आहेत, हा निघाला सोनं मोजायला.

४ एप्रिल

लेक मंजुळा देवपूरहून आली. जावई सोडून लगेच परत गेले, शाळेच्या परीक्षा आहेत. पोरीचं हे तिसरं बाळंतपण. पहिलं बाळ चौथ्या दिवशी गेलं. दुसरं पाचवीच्याच सकाळी. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, काही दोष सापडत नाही.

कमलनं जुनं लुगडं काढलं झबली शिवायला. मंजुळा म्हणाली, "आई, आधी नको शिवू." बास, एवढंच बोलली. मग दिवसभर ओट्यावर भिंतीला टेकून.

कोणाला सांगत नाही, इथे लिहितो — हेही गेलं तर माझी मंजुळा राहणार नाही.

९ एप्रिल

ताईबाई सुईण येऊन पोट बघून गेली. पोर नीट आहे म्हणाली. मग आमचा पाटा-वरवंटा बघितला आणि तोंड वाकडं केलं. पाचवीला ह्याचीच पूजा करतात, सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. ताईबाई म्हणे, "ह्या वरवंटानी दोन मरणं देखेल शेत. हाऊ नको. ज्या दगडनी सूर्य देखा नई, असा दगड पुजा."

मी हसलो. म्हटलं, असा दगड काय बाजारात मिळतो?

कमल माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमनाकडे त शेड भरीसन शे!"

मग मला हसू आलं नाही.

२० एप्रिल, रविवार

मुलगी! सकाळी सातला. सुपात मावेल एवढीशी, पण आवाज असा की शेजारचा वना धावत आला. मंजुळा तिच्याकडे बघत नाही. पाचवी होईपर्यंत बघणार नाही म्हणते.

२२ एप्रिल

केलं ते लिहून ठेवतो. चाळीस पेट्यांतला कुठलाही दगड उचलला असता तर कोणाला कळलं नसतं. पण ते चाळीसही उन्हात वाळलेले! सूर्य न पाहिलेली पेटी एकच. बराच वेळ उभा होतो तिच्यापुढे. वरवंट्याएवढा एक तुकडा पंच्यात गुंडाळला. गुळगुळीत, काळसर, हातात जड. एवढ्या उन्हाळ्यात थंडगार.

मी काही अडाणी नाही. अकरावी मॅट्रिक झालोय, लाल पट्टा मला कळतो. पण साहेबच म्हणाले ना, घटकाभर धरला तर काही नाही. एका पाचवीपुरता. सकाळी परत ठेवतो.

२४ एप्रिल

दिवेलागणीला पूजा झाली. पाट्यावर तो दगड उभा, हळदकुंकू, पुढे गूळ-खोबरं. कोरा कागद आणि पेन मीच ठेवलं — सटवाईला लिहायला. बाळ शेजारी सुपात.

एक गोष्ट. ओट्यावर सांडलेल्या गुळाला मुंग्यांची रांग लागली. पाट्यावरच्या गुळाला एकही नाही. कमल म्हणते देवीचा मान ठेवतात.

२५ एप्रिल

आहे! पोर आहे! सकाळी भोकाड पसरलं तेव्हा मंजुळानं पहिल्यांदा तिला जवळ घेतलं, आणि मायलेकी दोघी रडल्या. मीही. कोणाची लाज?

दगड उचलायला गेलो तर ताईबाईनं हात धरला. "आते हालवू नको भाऊ. दात येथीन तोपर्यंत पोरना उशाशी राहू दे. हालवा का ती लिखेल पुसी टाकस."

दात! म्हणजे सहा-सात महिने. काय सांगणार होतो? की मी आणलेला दगड लेकरापासून लांब ठेवायचा असतो?

१ मे

बारसं. दगडालाच आधी झबलं-टोपडं घातलं, पाळण्याखालून वरून फिरवला, मग बाळाच्या शेजारी निजवला. रीतच आहे. बायका हसत होत्या. नाव ठेवलं भारती.

जेवणाला उत्तमचंद शेठ आला तो हातात पेपर घेऊन. रशियात अणुभट्टी फुटली! शनिवारीच फुटली म्हणे, ते आत्ता सांगतायत. गावंच्या गावं उठवली. "अभिमनभाऊ, भट्टी तिकडे फुटली, माझी सहा एकर इथे जळाली हो!" बुंदी तशीच पानात ठेवून गेला.

पाळण्याकडे बघवेना.

८ मे

दुपारी कमल आणि मंजुळा ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या. शेडमधला काउंटर मी पिशवीत घालून घरी आणला. भारती रडत होती, लालबुंद. पाळण्याजवळ नेला — टिकटिकटिकटिक.

आणि ती गप्प झाली. एकदम. मान वळवली, यंत्राकडे नाही, दगडाकडे. डोळे उघडे. अठरा दिवसांचं लेकरू असं ऐकतं का? मी काउंटर बंद केला तर पुन्हा रडायला लागली. चालू केला — गप्प! तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा माझीच हिंमत झाली नाही.

१५ मे

कॅम्प बंद! वरून पत्र आलं. रशियाच्या घटनेनंतर जगात कोणी नवी भट्टी बांधायला तयार नाही, मालाला गिऱ्हाईक नाही, भाव आणखी बसणार. आधीच इथला दगड हलक्या प्रतीचा, पैसे कशाला घालायचे? बारा भोकं राहिली ती राहिलीच. खापरेसाहेब म्हणाले, "चौदा कोटी वर्षं वाट पाहिली त्यानं, अजून पाहील."

२७ तारखेला ट्रक. सगळ्या पेट्या नागपूरला. ४१ मधला तुकडा न् तुकडा मोजून.

माझी नोकरी गेली, आणि खरं सांगू? बरं वाटलं. आता दगड परत न्यायला कारण मिळालं.

१९ मे

काम फत्ते! अनेर नदीतून तसाच गोल, काळा दगड शोधून आणला. हळद फासली, पाळण्यात ठेवला. तो पंच्यात गुंडाळून ४१ मध्ये परत. कमल दळण आणायला गेली होती, तिला पत्ताच नाही. पाळण्याजवळ काउंटर नेला — मुका. हुश्श! महिन्यानं मी आज पोटभर जेवलो.

२२ मे

भारती काल दुपारपासून दूध घेत नाही.

२४ मे

अंग तापलंय. चोपड्याला डॉक्टरकडे नेली. "उन्हाचा त्रास. बाकी दोष काही सापडत नाही." मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजतोय, अर्धं गालावरून ओघळतं. रडत नाही. ते रडणं बरं होतं.

कमल सारखी दगडाला हळद लावते, नवस बोलते. मंजुळानं पाळणा झाडायला म्हणून दगड उचलला आणि तशीच उभी राहिली. हातात तोलून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"आबा, हा हलका लागतो."

मी म्हटलं, तापात तुला भास होतोय. ताप तिला नाही, लेकीला आहे. तिनं दगड खाली ठेवला. "त्या दोघांच्या वेळीही डॉक्टर म्हणाले होते, दोष सापडत नाही," एवढं म्हणाली आणि पदरानं पाळण्याला वारा घालत बसली. मला विचारलंसुद्धा नाही काही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२६ मे

सकाळी खापरेसाहेबांना सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. साहेब आधी पांढरेफटक पडले, मग खाली बसले.

"महिनाभर? उशाशी?"

हो.

"उचललात ते उत्तम केलंत. आता पुन्हा नावही काढू नका. ताप उन्हाचा आहे, उतरेल."

मी म्हटलं, नक्की उतरेल?

"अहो, दगड काढल्यानं कोणी आजारी पडत नाही! दगड ठेवल्यानं पडेल. आज नाही, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी."

मी म्हटलं, साहेब, ही पोर परवाचा दिवस बघेल का ते सांगा. वीस वर्षांचं कोण विचारतंय? ते म्हणाले, "अभिमनराव, शास्त्रात असं छातीठोक कोणी सांगत नाही." मग पेट्यांच्या यादीत तोंड घातलं. माणूस चांगला आहे. पण खोटंसुद्धा बोलला नाही माझ्यासाठी.

शेडमध्ये सगळ्या पेट्यांना खिळे ठोकून झाले. ४१ तेवढी उघडी, साहेब उद्या सकाळी स्वतः बघणार आणि ठोकणार. ट्रक नऊला. एकदा गेला की तो दगड जगात असून नसल्यासारखा.

घरी आलो. भारतीचे ओठ सुकलेत. मंजुळा तिच्याकडे बघत नाही. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलीय, एप्रिलात बसायची तशी.

काय करू? कोणाला विचारू? रंगाचा डबा आणि ब्रश अजून माझ्याकडेच आहेत.

२७ मे

नऊला ट्रक गेला, काउंटरही त्यातच. पेटी ४१ मध्ये अनेरचा दगड गेला — नंबर मी टाकला, रंग मी दिला, साहेबांनी फक्त मोजले.

साडेदहाला भारती दूध प्यायली.