त्या देशात मी पाऊल ठेवणार नाही

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर टेकवलं असं समज. बाकीची सात अंगं सध्या रागाने थरथरताहेत, ती जमिनीला नीट टेकत नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांना माझा निरोप दे, की पुन्हा डॉक्टर बदलण्याआधी एकदा सांगितलेलं औषध घेऊन बघावं. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तेच आहे. माणसं ठणठणीत असली की त्यांना सुट्टीत कुठेतरी जावंसं वाटतं.

तर तुझ्या भावजयीला त्या देशात जायचं आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण लिहिताना कागद फाटतो. हे खूळ तिच्या डोक्यात घातलं तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, जो लोकांना सहलीला पाठवायचा धंदा करतो आणि स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही. रविवारी येऊन त्याने टेबलावर फोटो पसरले. निळा समुद्र, पांढरी वाळू, पाणी असं नितळ की आपली नखं कापायची राहिली आहेत हे गळ्याइतक्या पाण्यातूनही दिसावं. मी चष्मा पुसून पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, हा तोच देश, जिथे एका शिक्षिकेला वर्गात एक प्रश्न विचारला म्हणून आत टाकलं! (प्रश्न कोणता ते कुणालाच माहीत नाही, कारण तो छापायलाही तिथे बंदी आहे.) हे मी मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, पण रस्ते काय स्वच्छ आहेत! असणारच. चार माणसांनी रस्त्यात थांबून बोलायचीच चोरी, तर कचरा करणार कोण? मी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं की त्या देशात मी पाऊल ठेवणार नाही. मूठ नेमकी बशीच्या कडेवर पडली, बशी उलटली, आणि त्या नितळ समुद्रावर चहा सांडला. त्यामुळे माझ्या बोलण्यातला तात्त्विक भाग बाजूला राहून फडकं कुठे आहे यावरच चर्चा झाली.

तुझी भावजय कशी वाद घालते तुला ठाऊकच आहे. आवाज चढवत नाही, भाजी चिरत राहते. तिचं म्हणणं, त्या समुद्राने कुणाला तुरुंगात टाकलंय? तिथल्या नावाड्याने काय पाप केलंय? आणि चांगलं सरकार बघूनच देश निवडायचा म्हटला तर सुट्टी घरातच काढावी लागेल, आणि या घरात कुणाचं सरकार आहे हे तिला लग्नापासून माहीत आहे. (हा टोमणा पंख्याच्या बटणावरून होता. पंखा किती वेगाने फिरावा हे मी ठरवतो, कारण मला सर्दी होते. याला कुणी जुलूम म्हणत असेल तर म्हणो.)

घरात कुणी ऐकेना, म्हणून मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. असं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं. त्यात त्या राज्यकर्त्यांना मी ‘रक्तपिपासू’ म्हटलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘काहीसे कठोर’ केलं, शेवटचे तीन परिच्छेद उडवले आणि उरलेलं तुंबलेल्या गटाराच्या तक्रारीखाली छापलं. माझं नाव मात्र संपूर्ण, चष्म्याच्या दुकानासकट. ते कात्रण मी दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलं. नंबर काढायला येणाऱ्यांना तक्ता वाचल्यावर तेही वाचायला लावायचो. एका आजोबांनी विचारलं, यात बरोबर उत्तर कोणतं?

इथवर सगळं ठीक होतं. मी एकटा होतो, पण माझं खरं होतं. मग मला दुर्बुद्धी सुचली आणि मी ते कात्रण घेऊन वरच्या मजल्यावर गेलो.

वर टाचणीबाई राहतात. मागे तुझा कोट सैल करून दिला होता त्या. बोलतानाही ओठांत टाचण्या असतात म्हणून आमच्यात ते नाव पडलं. त्या मूळच्या त्या देशातल्या. तिथून एका पिशवीनिशी पळून आल्या, एवढंच ठाऊक होतं. पुढचं कधी आपण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, या बाईंनी एकदा म्हटलं की ‘जाऊ नका’, की घरातल्यांची तोंडं कायमची बंद. खिडकीशी मशीन, पुतळ्यावर एका बाहीचा कोट, जमिनीवर चिंध्या. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या आणि कात्रण अगदी डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं. मी रुमाल काढून तयार होतो.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मग निघताय कधी?”

“निघताय? अहो बाई, मी जाणार नाही असं लिहिलंय!”

“ते वाचलं मी. पण तुम्ही चष्मेवाले ना?”

मग कळलं की त्यांची आई तिथे एकटी असते आणि तिला जवळचं काही दिसत नाही. मुलगी पळून गेलेली, म्हणून सरकारी दवाखान्यात म्हातारीचा नंबर येतच नाही. रांगेत तिच्या मागचे पुढे जातात, ती तिथेच. इथून दोनदा अंदाजाने चष्मा पाठवला तर दोन्ही वेळा चुरा होऊन परत आला. बाईंची पत्रं पोचतात, पण वाचून दाखवतो तळमजल्यावरचा माणूस, आणि त्या जिन्यावर कोण काय बोलतं हे सरकारला कळवणं हीच त्याची नोकरी. त्यामुळे बाई आईला फक्त हवापाणी आणि भाजीपाला लिहितात.

“इतकी वर्षं मी आईला कोबीबद्दल लिहितेय,” त्या म्हणाल्या. “मला कोबी आवडतसुद्धा नाही.”

“पण मी गेलो तर त्या सरकारला माझ्या सुट्टीचा पैसा मिळेल, त्याचं काय?”

“मिळेल की. त्याचा मलाही राग येतो. पण तुम्ही गेला नाहीत तर तिकडे पत्ता कुणाला लागणार आहे? तिला चष्मा तर आत्ताही नाहीच.”

मी म्हटलं, ठीक आहे, जुना नंबर द्या, बनवतो, माझी बायको नेईल. तर जुना नंबरच नाही! आणि ताई, मी काहीही करीन, पण डोळे न तपासता चष्मा देणार नाही. तो माझ्या धंद्याचा धर्म आहे. हे मी छाती काढून बोललो आणि बोलता बोलताच कळलं की मी स्वतःच खड्डा खणून त्यात उभा राहिलोय. बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणूनच तर तुम्ही जायला हवं.”

मला असा संताप आला म्हणून सांगू! ज्यांच्यासाठी मी मेहुण्याशी भांडलो, बशी उलटवली, वर्तमानपत्रात गटाराखाली छापून घेतलं, त्यांनीच मला तिकडे पाठवावं? माणसाला एक तत्त्व असलं की तो ताठ चालतो. दोन असली की दाराच्या चौकटीत अडकतो. चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. (घरात सगळ्यांची झोप छान झाली.) शेवटी व्हिसाचा अर्ज भरला, दोघांचा.

आणि माझा नाकारला! तुझ्या भावजयीचा मंजूर, माझा परत. मी जाणार नाही म्हणायच्या आत तेच म्हणाले, येऊ नका! पण खरं सांगतो, वर वर चिडलो तरी आतून माझी छाती फुगली. एवढी मोठी राजवट, तिच्याकडे रणगाडे, आणि ती एका चष्मेवाल्याच्या पत्राला घाबरली. दुकानात येईल त्याला सांगितलं. समोरचा न्हावी दाढी अर्धी सोडून हात मिळवायला आला. मग टाचणीबाई आल्या. तपासणीच्या खुर्चीत बसल्या, समोरचा तक्ता अगदी खालच्या ओळीपर्यंत मनातल्या मनात वाचला आणि उठून गेल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकांकडून अभिनंदन घेताना मी त्या खुर्चीकडे पाठ करून उभा राहतो.

असो. गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण राहिलंच. माझ्या जागी तू जाशील का? नंबर काढणं मी तुला शिकवतो. अवघड नाही, म्हातारीच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरायची आणि विचारायचं, आधीची बरी की ही बरी? तू आयुष्यभर भाऊजींना हेच विचारत आली आहेस, फक्त पडद्यांच्या बाबतीत.

ता. क. २ – वरचं रद्द. मेहुण्याने वकिलातीत फोन केला. माझं पत्र तिथे कुणी वाचलेलंच नाही! अर्ज परत आला तो फोटोमुळे. माझ्या चष्म्यावर दिव्याची तिरीप पडली होती आणि डोळे दिसत नव्हते. चष्मेवाल्याचा! पृथ्वीने पोटात घ्यावं. नवा फोटो दिला, आणि आज व्हिसा मंजूर होऊन आला. काचांची पेटी मी घेऊन जातो. तू फक्त आठ दिवस येऊन दुकानात बस. कात्रण मी काढून ठेवलंय.

ता. क. ३ – टाचणीबाईंनी बजावलंय की तिथे कुणी काहीही बोललं तरी तोंड उघडायचं नाही. तुम्ही परत याल, आई तिथेच राहणार आहे. म्हणून आजपासून सराव सुरू केला. दुपारी एक गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणालं, तुरुंगात असतात ते काहीतरी केल्याशिवाय थोडेच असतात. मी हूं म्हटलं आणि त्याच्या चष्म्याची दांडी वाकवत राहिलो. पहिल्याच झटक्यात जमलं गं, जराही जड गेलं नाही. त्याचीच जास्त चीड येते आहे.